मला जमीन लागते

मामाच्या पडवीत एक शिसवी झोपाळा आहे. कड्या पितळी, पाट इतका रुंद की दुपारी पाय पोटाशी घेऊन एक माणूस त्यावर सहज डुलकी काढतो. विजयदुर्गपासून आत, वाघोटण खाडीच्या काठाला हे घर. या दिवाळीत मी तिथे पाच दिवस होते आणि जागेपणीचा निम्मा वेळ त्या पाटावर काढला. चहा तिथेच, वाचन तिथेच, लसूण सोलणंही तिथेच. तिसऱ्या दिवशी मामाने विचारलंच, "काय गो, पाटाला डिंक लावलाय की काय?"

मामा ३६ वर्षं मर्चंट नेव्हीत होता. फिफ्थ इंजिनियर म्हणून चढला, चीफ म्हणून उतरला. तीन लाख टनांचा टँकर असला तरी त्याच्या तोंडी ती 'बोट'च. माप हाती आल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नाही. मामीला ताप आहे हे तो थर्मामीटर बघून ठरवतो, कपाळाला हात लावून नाही. आणि मला जडलेला आजार असा, की दवाखान्यातल्या कुठल्याच यंत्रावर त्याची खूण उमटत नाही. भांडण व्हायचंच होतं. ते दोन संध्याकाळी मिळून झालं. खाली आहे ते त्यातलं आठवलं तेवढं. मामाच्या काही विशेषणांची मी मुद्रितशोधकाच्या हक्काने काटछाट केली आहे.

मामा : आता सरळ सांग. तुझ्या आईने फोनवर काहीतरी फ्रेंच नाव सांगितलं. तिला ते म्हणता येईना आणि मला ते कळेना.

मी : माल द देबार्कमां. बोटीवरून उतरल्यावरचा आजार, एवढाच अर्थ. फेब्रुवारीत आम्ही कोचीहून लक्षद्वीपला गेलो होतो. पाच दिवस, दिवसा बेटावर, रात्री बोटीवर. बोटीवर मला काही म्हणजे काही झालं नाही. नवरा ओकून ओकून अर्धा झाला, मी त्याला लिंबू हुंगायला देत होते. परत आलो, धक्क्यावर पाय ठेवला आणि जमीन हलायला लागली. ती अजून थांबलेली नाही.

मामा : आठ महिने?

मी : आठ महिने.

मामा : आता, या क्षणी हलतेय?

मी : आता कुठे? आता मी झोपाळ्यावर आहे.

मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे तो इंजिनातून अनोळखी आवाज आला की करत असे, असं मामी सांगते.

मामा : अगं, पण हे आम्हा सगळ्यांना व्हायचं. साइन ऑफ करून घरी आलो की पहिले दोन दिवस लादी खालीवर. न्हाणीघरात डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला की भिंत धरावी लागे. मामी हसायची. तिसऱ्या दिवशी सगळं जागेवर. त्याला कुणी आजार म्हटलं नाही, फ्रेंच नाव तर नाहीच नाही.

मी : तुला व्हायचं ते याच घराण्यातलं, पण त्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. बारानी सोसायटी म्हणून तोल आणि चक्कर यांचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. त्यांनी २०२० मध्ये निकष छापले. प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, ४८ तासांहून जास्त टिकायला हवं, दिवसाचा बहुतेक वेळ जाणवायला हवं, आणि चालत्या वाहनात बसलं की तेवढ्यापुरतं कमी व्हायला हवं. महिन्याच्या आत गेलं तर तात्पुरतं, महिना ओलांडला की चिवट. मी चिवट.

मामा : ते मी तुझ्या लहानपणापासून बघतोय. पण ४८च का? ४७ तासांनी बरा झाला तो धडधाकट आणि ४९ वाला पेशंट? हा कमिटीने चहा पिता पिता ठरवलेला आकडा.

मी : असेल. बोटीच्या अंगावर भरणीची रेघ मारलेली असते ना, लोडलाइन, तीही कमिटीनेच ठरवलेली. रेघ इंचभर पाण्याखाली गेली म्हणून बोट लगेच बुडते?

मामा : लोडलाइनवर बोलायचं काम नाही.

मी : बरं, नाही बोलत. ज्याच्या नावाने ही संस्था आहे त्याची गोष्ट ऐक. रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचा कानाचा डॉक्टर. कानात गार पाणी घातलं की डोळे एका बाजूला थरथरतात आणि कोमट घातलं की दुसऱ्या, यावरून त्याने आतल्या कानाचं काम उलगडलं. त्यासाठी १९१४ चं नोबेल. बातमी पोचली तेव्हा हा गृहस्थ रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत.

मामा : हं. माणूस कामाचा दिसतो.

इथे जरा थांबून एक सांगते, कारण माझा धंदा शब्दांचा आहे. आपल्याकडे प्रवासातल्या मळमळीला फार नेमकं क्रियापद आहे. 'मला गाडी लागते', 'तिला बोट लागते'. ऊन लागतं, थंडी लागते, दृष्ट लागते, तशीच गाडी. दोष गाडीचा, माणसाचा नाही. माणूस वाक्यात नुसता चतुर्थीत उभा. या व्याकरणाने पोराबाळांना किती सांभाळून घेतलंय! घाटात ओकणाऱ्या मुलाला कुणी भित्रा म्हणत नाही, त्याला आपली 'गाडी लागली'. आठ महिने मी स्वतःसाठी असं वाक्य शोधत होते. 'चक्कर येते' म्हणावं तर काही गरगरत नाही. खोली जागच्या जागी आहे, मी तेवढी तरंगते आहे. 'भोवळ' म्हणावं तर डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. ओल्या गादीवरून चालल्यासारखं, किंवा बांधून ठेवलेल्या होडीत उभं राहिल्यासारखं. मला बोट लागत नाही, जमीन लागते. हे वाक्य सुचलं त्या दिवशी मला निष्कारण बरं वाटलं होतं.

मामा : डॉक्टर किती झाले?

मी : पाच. पहिल्याने मान दाबली आणि स्पाँडिलायटिस सांगून पट्टा दिला. आपल्याकडे चाळिशीनंतर चक्कर म्हटलं की पट्टा ठरलेला. दुसरे म्हणाले, कानातले खडे सरकलेत. मला झोपवून डोकं इकडून तिकडे वळवलं. खडे खरे असतात हं, आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात आणि ते जागचे हलले की कूस बदलताना खोली गरगरा फिरते. पण ती चक्कर काही सेकंदांची असते. माझं चोवीस तास. तिसऱ्यांनी बीटाहिस्टीन लिहून दिलं. चक्करेच्या नेहमीच्या गोळ्यांचा यात उपयोग होत नाही हे मला नंतर कळलं, तोपर्यंत पोटाची वाट लागली होती. चौथ्यांनी एमआरआय, ऑडिओग्राम आणि डोळ्यांवर काळा गॉगल चढवून करतात ती तपासणी, सगळं करून घेतलं.

मामा : आणि?

मी : सगळं नॉर्मल. फाइल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "अभिनंदन. आता टेन्शन घेणं सोडा." वय विचारलं, सत्तेचाळीस म्हटल्यावर मान हलवली. तिथे माझा निकाल लागला होता.

मामा : चुकीचं काय बोलले? इंजिनाचे सगळे गेज नॉर्मल असतील आणि कॅडेट म्हणत असेल, 'सर, आवाज येतोय', तर मी पहिल्यांदा कॅडेटला झोपायला पाठवीन.

मी : आणि आवाज खरंच येत असला तर?

मामा : तर दुसऱ्यांदा येईल. मग उठवीन.

मी : मला दुसऱ्यांदा उठवलं ते पाचव्या बाईंनी. फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, "रिक्षात, बसमध्ये बसल्यावर कसं वाटतं?" मी म्हटलं, "बरं वाटतं. तेवढंच बरं वाटतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. पाच महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि आपण होऊन सांगायचं मला सुचलं नव्हतं, कारण ते ऐकायला वेड्यासारखं वाटतं. चक्कर येणाऱ्या माणसाला गाडीत बरं वाटतं म्हणे!

हे मी मामाला सांगितलं नाही, पण इथे सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मी रोज दुपारी स्वारगेटहून हडपसरच्या बसमध्ये बसायचे. काम काहीच नसायचं. खिडकीची जागा धरायची, मांडीवर प्रुफं. बस सुटली की पाचव्या मिनिटाला आतली लाट ओसरायची आणि ओळी ओळींसारख्या दिसायच्या. घरी टेबलाशी बसलं की पानाच्या मधोमध एक ओळ पायरीसारखी खाली उतरते, दुकानात दोन रॅकमधून चालताना डबे अंगावर आल्यासारखे होतात. बसमध्ये मी एक अख्खी कादंबरी तपासली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणायचा, "ताई, उतरा." तो 'उतरा' शब्द ऐकून पोटात खड्डा पडायचा. पाय फुटपाथला लागला की मगाचं सगळं व्याजासकट परत.

मामा : मी सांगतो ते रागावू नकोस. तू ते दिवसभर चाचपत बसतेस. दात दुखला की जीभ सारखी तिथे जाते तसं. लक्ष दिलंस की वाढतं, वाढलं की अजून लक्ष देतेस. आमच्यात एक सेकंड इंजिनियर होता, त्याला झोपेत पण पंपाचा आवाज ऐकू यायचा. घरी गेला, लग्न केलं, आवाज बंद.

मी : यातलं अर्धं मला मान्य आहे. ताण वाढला, झोप कमी झाली की हेलकावे वाढतात. डॉक्टरही हेच सांगतात. पण लक्ष दिल्याने वाढणारी गोष्ट लक्ष दिल्यामुळे जन्मली असं होत नाही. आणि मला एक सांग, मी मनाने आजार रचायला बसले असते तर असा रचला असता? बोटीत चढल्यावर होणारा रचला असता. जमिनीवर त्रास आणि धक्के खात चाललेल्या एसटीत आराम, हे कुणाच्या कल्पनेत येईल?

मामा : तुझ्या येईल. तू पुस्तकं वाचतेस.

पण हा मुद्दा त्याला लागला असावा, कारण त्याने हातातलं घड्याळ काढलं.

मामा : चल, खळ्यात उभी रहा. डोळे मीट. उजवा पंजा आडवा धर आणि आत जशी हलतेस तसा हलव. मी मोजतो.

दिवाळीसाठी खळं ताजं सारवलेलं होतं. अनवाणी पायांना शेणाचा गारवा लागत होता. डोळे मिटले की माझा हेलकावा दुप्पट होतो. डावीकडून उजवीकडे, मध्ये किंचित खाली. मी हात सोडून दिला. एका मिनिटाने मामा म्हणाला, "बारा." मग त्याने मला मुद्दाम यंदाच्या भाताबद्दल, शेजारच्यांच्या कुंपणाबद्दल दहा मिनिटं बोलतं ठेवलं आणि परत उभं केलं. बारा. तिसऱ्यांदा अकरा. त्याने आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले, खाली रेघ मारली.

मामा : म्हणजे एका हेलकाव्याला पाच सेकंद. झोपाळ्याचा हेलकावा तीनच्या आत-बाहेर. म्हणजे ताल जुळतो म्हणून बरं वाटतं, असंही नाही.

मी : न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमध्ये ज्यांना तपासलं त्यांतल्या बऱ्याच जणांचा आकडा याच्याच आसपास होता. सेकंदाला ०.२, मिनिटाला बारा.

मामा : हे तुला आधी माहीत होतं?

मी : होतं.

मामा : मग माझं मोजमाप समुद्रात गेलं! तुझा हात तुझ्या वाचनाच्या तालावर हलला नाही कशावरून?

मी : नाही सांगता येत. ही शंका मला रात्री दोन वाजता येते, तुझ्याआधी.

मामा यावर काही बोलला नाही. आत जाऊन दोन ग्लास कोकम घेऊन आला. नाराज असला की तो पाहुणचार करतो.

मामा : बरं, तुझ्या या लोकांच्या मते होतं तरी काय? कान बिघडतो?

मी : कान ठणठणीत असतो. बोटीवर कान सांगतो 'हलतोय', डोळा केबिनच्या भिंतीकडे बघून सांगतो 'कुठे हलतोय?', आणि मेंदू दोघांचं भांडण मिटवत बसतो. दोन दिवसांत तो शिकतो. हेलकावा यायच्या आधीच त्याची तयारी ठेवतो. तुम्ही ज्याला बोटीचे पाय येणं म्हणता ते हेच. उतरल्यावर ते विसरायला हवं. बहुतेकांचा मेंदू तासा-दोन तासांत, फार तर दोन दिवसांत विसरतो. माझा विसरला नाही.

मामा : ऑटोपायलटला वेदरचा नॉब असतो. ते डेकवाल्यांचं खातं, पण मला ठाऊक आहे. समुद्र खवळला की तो नॉब फिरवतात, म्हणजे प्रत्येक लाटेला सुकाणू नाचत नाही. शांत पाण्यात आलं की परत आणायचा.

मी : अगदी तेच! माझा नॉब कुणी परत आणला नाही.

मामा : मग आण की. तुझ्या हातात आहे तो. रोज बंदरावर चाल, जमिनीवर राहा, झोपाळ्यावरून उतर. झोपाळा म्हणजे उसनवारी आहे. आज घेतेस, उद्या दुप्पट फेडतेस.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. गतीत मिळणारा आराम त्या गतीपुरताच असतो; थांबलं की लाट परत येते, कधी आधीपेक्षा जोरात. उसनवारी हा शब्द मामाने बरोबर वापरला. पण महिनाअखेरीला ज्याने कधी दुकानदाराकडे वही पुढे केली आहे त्याला विचारा, उसनवारी का करतात.

मी : नॉब माझ्या हातात नाही, हाच तर मुद्दा आहे. बाहेरून फिरवायचा प्रयत्न झाला आहे. माउंट सिनायचे मिंगजिया दाय, त्यांनी आधी माकडांवर आणि माणसांवर पाहिलं होतं की शरीर गोल फिरत असताना डोकं बाजूला झुकवत राहिलं तर डोळे आणि कान यांच्यातला हिशेब चुकीचा बसतो. त्यांनी तो हिशेब उलटा बसवायचं ठरवलं. अंधाऱ्या गोल खोलीत माणसाला बसवायचं, भिंतींवर उभे पट्टे हळूहळू एका दिशेने सरकत ठेवायचे आणि त्याच वेळी डोकं दोन्ही खांद्यांकडे झुलवायचं, ज्याच्या त्याच्या हेलकाव्याच्या तालावर. तो ताल हुडकायला त्यांनी काय वापरलं असेल? व्हिडिओ गेमची फळी. वजनकाट्यासारखी असते, मुलं तिच्यावर उभी राहून खेळतात.

मामा : आणि गुण?

मी : २०१४ साली छापलं. २४ जणांपैकी १७ जण पूर्ण किंवा बरेचसे बरे झाले, सरासरी वर्षभर तरी टिकलं. सहा जणांचं आधी थांबलं, मग उलटलं. एकाला गुण आलाच नाही.

मामा : चोवीस म्हणजे एका बोटीचा क्रू.

मी : हो. आणि पुढची गंमत. बरा झालेला माणूस घरी कसा जाणार? विमानाने, गाडीने. त्या प्रवासात काहींचं परत सुरू होतं.

मामा : म्हणजे वर्कशॉपमध्ये चालू, गेटबाहेर बंद! आणि याला तू उपाय म्हणतेस?

मी : मी याला दिशा म्हणते. चक्करेच्या गोळीने जे होत नाही ते पट्ट्यांनी होतं, तर बिघाड कुठे नाही एवढं तरी कळतं. मेंदूच्या चित्रणातूनही काही दिसलं आहे. यून-ही चा या बाईंनी २०१२ मध्ये दाखवलं की अशा रुग्णांच्या मेंदूत एंटोरायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात साखरेचा खप वाढलेला असतो. आपण कुठे आहोत याचा नकाशा मेंदू ठेवतो तो याच भागात. उंदरांच्या मेंदूत तिथल्या नकाशाच्या पेशी शोधल्या म्हणून मोझर नवरा-बायकोला २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे एमआरआय नॉर्मल असला तरी सगळंच नॉर्मल नसतं. तुझे गेज नॉर्मल होते, कारण जिथे गडबड होती तिथे गेजच बसवलेला नव्हता.

मामा : हे मात्र चांगलं बोललीस. पण तरी मला एक खुपतं. हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव निघतं, नाव निघालं की पेशंट निघतात. आमच्या वेळी...

मी : तुमच्या वेळीही होतं. तुमच्या खूप आधी होतं. चार्ल्स डार्विनचा आजोबा, इरॅस्मस डार्विन, डॉक्टर होता. अठराव्या शतकाच्या शेवटी 'झूओनोमिया' या ग्रंथात त्याने लिहून ठेवलं आहे की बरेच दिवस पाण्यावर काढलेल्या लोकांना घरी अर्धवट झोपेत खोली आणि सामान हलताना दिसतं. त्याने स्वतः अनुभवलं होतं. चिवट प्रकार वेगळा काढला तो १९८७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ब्राउन आणि बलोह यांनी. सहाच रुग्ण होते. आणि नाव काढून विकायला कुणाकडे औषधही नाही. क्लोनाझेपामच्या बारीक डोसने काहींना आराम पडतो, पण ती सवय लावणारी गोळी.

मामा : सहा जण, चोवीस जण. आणि मी ३६ वर्षांत दीड-दोन हजार माणसांबरोबर बोटीवर राहिलो. एकालाही तीन दिवसांपलीकडे टिकलेलं नाही. माझा आकडा मोठा आहे.

मी : मामा, त्या दोन हजारांत चाळिशी ओलांडलेल्या बायका किती?

मामा : ...कॅप्टनच्या बायका असायच्या. एखादी-दुसरी.

मी : हा आजार ज्यांना सापडला त्यांत बहुसंख्य बायका आहेत, साधारण चाळीस-पन्नाशीतल्या. अर्धशिशीशीही त्याचं नातं दिसतं. मला ती विशीपासून आहे. म्हणजे तू ३६ वर्षं मोजलंस ते नेमकं चुकीच्या डब्यात मोजलंस. शिवाय ज्याचं थांबलं नसेल तो परत बोटीवर कशाला चढेल? तो तुला दिसणारच नव्हता.

खाडीवरून शेवटची होडी परत येत होती, तिच्या इंजिनाचा टकटक आवाज पडवीत ऐकू येत होता. मामा तो आवाज कान देऊन ऐकत राहिला. एक सिलिंडर नीट पेटत नाहीये, म्हणाला. मग बराच वेळाने, माझ्याकडे न बघता :

मामा : तुझी आजी. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. भाऊच्या धक्क्यावरून स्टीमरने आली, विजयदुर्गला पडावात उतरली, घरी आली. आणि म्हणायला लागली, "भुंय हालता." पावसाळा लागला, सरला, तरी तेच. घरात सगळे म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे. अंगारा झाला, नारळ झाले. ती या पाटावर बसून राहायची, याच. आजोबा ओरडायचे, बाईमाणूस दिवसभर झोपाळ्यावर काय, म्हणून. तिला हेच होतं.

मी : असं सांगता येणार नाही.

मामा : का नाही? बोट, उतरणं, जमीन, झोपाळा. तुझे सगळे निकष!

मी : तिला गाडीत बरं वाटायचं का, हे कुणी विचारलं होतं? तिचं हिमोग्लोबिन किती होतं? कान तपासला होता? पाच बाळंतपणं झालेली बाई, मामा, भुई हलायला तिच्याकडे दहा कारणं असतील. झोपाळ्यावर बसायलाही असतील. दिवसभरात तिला तेवढीच जागा होती बसायला.

मामा : आता तूच चौथ्या डॉक्टरसारखी बोलायला लागलीस.

खरं होतं. मला ते नाव पाच महिने रांगेत उभं राहून मिळालेलं, आणि ते मी माझ्या आजीला फुकट द्यायला तयार नव्हते. रात्री अंथरुणावर याचा विचार करताना स्वतःचीच जराशी लाज वाटली. पण तरी मला वाटतं माझं बरोबर होतं. एका प्रश्नावर निदान टेकलेलं असेल तर तो प्रश्न विचारल्याशिवाय नाव लावू नये, मग माणूस कितीही आपला असो. मामाला हे पटलेलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी आईला फोन करून 'आपल्या आईला काय झालं होतं' ते सांगूनही टाकलं, त्या फ्रेंच नावासकट, आणि उच्चार माझ्यापेक्षा बरा केला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रवासाची बोलणी झाली. पुणं इथून नऊ-दहा तास. मला ते नऊ तास सणासारखे असतात, आणि घराचा जिना चढताना किंमत मोजायची असते.

मामा : कोल्हापूरला एक रात्र उतर. मध्ये तोड दे. एकदम फुल अहेडवरून स्टॉप करू नये, शाफ्टला बरं नसतं.

मी : चालेल. हे कुणी छापलेलं नाही, पण चालेल.

मामा : एक विचारू? आठ महिने झाले. उद्या हे हळूहळू कमी होत गेलं, तर थांबलंय हे तुला कळेल का? म्हणजे जमीन स्थिर असताना कशी लागते, ते आठवतं तुला?

मी पाटावरून पाय खाली सोडले आणि अंगठ्याने लादीला रेटा दिला. कड्या करकरल्या.

मी : आठवतं. हडपसरच्या बसमध्ये लागते तशी.

मामा : त्या कड्यांना उद्या तेल घालतो.